सातव्या हॅचचे चार क्लॅम्प

मालवाहू बोटीच्या कोठाराचं झाकण घट्ट धरणारा क्लॅम्प नीट बसला की ‘खट्ट’ असा कोरडा आवाज येतो. अर्धवट बसला तरी आवाज येतोच, पण तो बद्द असतो. डोक्यावर दोन टोप्या, वर जॅकेटचं हूड आणि समोरून सुपीरियर सरोवराचा वारा; अशा वेळी कानांना काहीच ऐकू येत नाही. तो आवाज हातातल्या लोखंडी दांड्यातून कोपरापर्यंत चढतो आणि तिथे कळतो. मला तो कळायला एक अख्खा हंगाम लागला.

मी हर्णैचा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. आमच्याकडे कुणाचा मुलगा पाण्यावर कामाला लागला, मग तो लहानशा होडीवर असो की लाख टनांच्या टँकरवर, गावात सांगायची पद्धत एकच : “तो बोटीवर असतो.” कॅनडात आल्यावर दोन वर्षं मिसिसागातल्या एका गोदामात खोकी उचलली. पण पाणी स्वस्थ बसू देईना. शेवटी खलाशाची प्रमाणपत्रं काढली आणि उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांवर चालणाऱ्या एका मालवाहू बोटीवर डेकहँड, म्हणजे डेकवर काम करणारा खलाशी, म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी बोसनशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी, बोलताना मी तिला ‘शिप’ म्हणालो. समुद्रावर एवढ्या मोठ्या जहाजाला कुणी बोट म्हटलं तर अधिकाऱ्यांना राग येतो. इथे उलटं निघालं. बोसन म्हणाला, “इथं सगळ्या बोटीच. हजार फुटांची असली तरी बोटच.” ते ऐकलं आणि वाटलं, आपलं इथे जमेल.

आमची बोट हजार फुटांची नव्हती. ७४० फूट लांब, ७८ फूट रुंद. हा आकार वेलंड कालव्यानं ठरवून दिलेला आहे. ईरी आणि ओंटारिओ या दोन सरोवरांमधली नायगाऱ्याची उतरंड बोटींना आठ लॉकच्या, म्हणजे दारं लावून पाणी वर-खाली करणाऱ्या हौदांच्या, पायऱ्यांनी उतरावी लागते, आणि त्या लॉकमध्ये याहून मोठं काही मावत नाही. त्यामुळे या बोटी दिसायला लांबच लांब, अरुंद आणि सपाट; पट्टीसारख्या. डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं हॅच, म्हणजे मालाच्या कोठारांची तोंडं. आमच्या बोटीवर अठरा हॅच होते. प्रत्येकावर एकसंध पोलादी झाकण आणि झाकणाच्या चारी कडांना क्लॅम्प. एका हॅचला पन्नासच्या वर. म्हणजे पूर्ण डेक बंद करायचा तर नऊशेहून जास्त वेळा वाकायचं, दांडा अडकवायचा, दाबायचा, खट्ट. पुढचा.

उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. गप्पा मारत होतं काम.

थंडीचं गणित निराळं. खारं पाणी गोठायला शून्याखाली जवळजवळ दोन अंश जावं लागतं. सरोवराचं गोडं पाणी शून्यालाच गोठतं. हे गोडं पाणी बोटींवर एरवी उपकारच करतं. लोखंड खाऱ्या पाण्यातल्यासारखं खाल्लं जात नाही, म्हणून इथे साठ-सत्तर वर्षांच्या बोटी धडधाकट चालताना दिसतात. पण डिसेंबरात हेच पाणी उलटतं. नाळेवर आपटलेल्या लाटेचा तुषार डेकवर पडतो तो पाणी म्हणून नाही, साखरेच्या पाकासारखा चिकटत पडतो. आधी कठड्याच्या तारा जाड होतात, मग विंच, मग शिडीच्या पायऱ्या. सकाळी पाहावं तर कठडा मनगटाएवढा होता तो मांडीएवढा झालेला असतो. त्या सगळ्या बर्फाचं वजन बोट वाहत असते, आणि तेही वरच्या बाजूला, जिथे वजन अजिबात नको असतं.

मग एवढ्या थंडीत माल न्यायचाच कशाला, असं अण्णांनी मला फोनवर विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं, “अण्णा, ही आमची आगोट.” ते लगेच समजले. आपल्याकडे पाऊस तोंडावर आला की कोकणात कशी धांदल उडते? लाकूडफाटा भरा, सुकी मासळी भरा, मीठ भरा, बोटी वर ओढून झापांनी शाकारून टाका. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. इथे पावसाच्या जागी बर्फ आहे. सुपीरियर आणि ह्यूरॉन यांच्यामधले सू इथले लॉक दरवर्षी १५ जानेवारीला बंद होतात ते २५ मार्चला उघडतात. वेलंड कालवाही त्याच सुमाराला मिटतो. पोलादाच्या भट्ट्या मात्र विझवून चालत नाहीत. मधल्या सव्वादोन महिन्यांना पुरेल एवढं लोहखनिज कारखान्याच्या आवारात आधीच येऊन पडलेलं हवं. म्हणून हवा सर्वांत वाईट असते त्याच दिवसांत आम्ही सर्वांत जास्त धावतो. शिवाय हिवाळ्यात भाररेषाही खाली सरकते, म्हणजे बोटीनं पाण्यात कमी बुडायचं, एका खेपेला माल कमी घ्यायचा. फेऱ्या वाढतात.

२०१३ च्या डिसेंबरात आम्ही सुपीरियरच्या काठावरच्या मार्क्वेट बंदरातून सूच्या पोलाद कारखान्याकडे खनिज नेत होतो. एका रात्रीचा प्रवास, पण दोन्ही टोकांना काम असं की झोप तुकड्यातुकड्यांनीच मिळायची.

मार्क्वेटचा खनिजाचा धक्का मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मान वर करून बघतच राहिलो. १९१२ सालचा तो सांगाडा. पाण्यात घुसलेला, काही मजले उंच, माथ्यावर रेल्वेचे रूळ. वर डब्यांतून खनिज खाली कप्प्यांत पडतं, आणि कप्प्यांच्या तोंडाशी असलेल्या लांब पन्हाळी बोटीच्या हॅचमध्ये उतरवल्या की ते आपल्याच वजनानं घसरत येतं. पन्हाळींमधलं अंतर १२ फूट. म्हणून सरोवरांतल्या बोटींचे हॅच २४ फुटांवर असतात, एक सोडून एक पन्हाळ बरोबर तोंडावर यावी असे. शंभर वर्षांपूर्वीच्या धक्क्याच्या मापानं आजच्या बोटी बांधल्या जातात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

खनिज म्हणजे टॅकोनाइटच्या गोळ्या. गोटीएवढ्या, विटकरी-काळ्या. कमी लोहाचा कठीण दगड पिठासारखा दळून, लोह चुंबकानं किंवा तसल्याच युक्तीनं वेगळं काढून, गोळ्या वळून भाजायच्या. नव्या भाजलेल्या गोळ्या कधी कधी कोमट असतानाच येतात. मग कोठारातून वाफेचे लोट वर येतात आणि दोन मिनिटं हॅचच्या काठाशी उभं राहावंसं वाटतं. पण ओल्या आल्या तर त्याच गोळ्या रात्रीत एकमेकींना चिकटून दगड होतात, आणि उतरवायच्या वेळी कोठाराखालच्या बोगद्यातले लोक घण घेऊन उभे राहतात.

माल घ्यायच्या आधी हॅच उघडायचे. त्याच्याही आधी बर्फ काढायचा. फावड्यानं निघतो तो वरचा. झाकणाच्या कडेला, क्लॅम्पच्या सांध्यात बसलेला असतो तो लाकडी मोगरीनं ठोकून काढायचा, नाहीतर वाफेचा नळ लावायचा. वाफेचा एक धोका असतो. ती बर्फ वितळवते आणि मागे पाणी ठेवते, आणि ते पाणी दहा मिनिटांत आधीच्या बर्फापेक्षा घट्ट बर्फ होतं. म्हणून एकानं वाफ मारायची, दुसऱ्यानं लगोलग झाडू मारत यायचं. मग रुळांवरून चालणारी क्रेन येते, झाकण उचलते आणि शेजारच्या झाकणावर ठेवते. खलाशी त्या क्रेनला ‘आयर्न डेकहँड’ म्हणतात. लोखंडी डेकहँड. तिला थंडी वाजत नाही एवढाच तिच्यात आणि आमच्यात फरक, असं बोसन म्हणायचा.

या बोसनबद्दल सांगायला हवं. तो न्यूफाउंडलंडचा. पिढ्यान् पिढ्या कॉड मासा धरणाऱ्या घरातला. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारनं तिथली कॉडची मासेमारी बंद केली, कारण मासाच संपत आला होता. एका घोषणेनं तीसेक हजार लोकांचं काम गेलं. त्यातले कितीतरी या सरोवरांवर आले, आमचा बोसनही. अण्णांचं काम मी सांगितलं तेव्हापासून तो मला वेगळं वागवायचा असं नाही, पण जाळी, वारा, भरती यांबद्दल विचारत बसायचा. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. डेट्रॉइट नदीतून जाताना वेस्टकॉट कंपनीची टपालबोट आमच्या बाजूला लागली. चालत्या बोटींना टपाल देण्याचं काम ती १८९५ पासून करते आणि तिला ४८२२२ असा स्वतःचा पिनकोड आहे. आपण दोराला बांधलेली बादली खाली सोडायची, ते त्यात टपाल ठेवतात, आपण ओढून घ्यायचं. माझ्या बादलीत ब्रॅम्प्टनहून बायकोनं पाठवलेला फराळाचा डबा आला. चकल्यांचा चुरा झाला होता. बोसननं चुरा मूठ मूठ खाल्ला आणि डबा संपेपर्यंत रोज चहाच्या वेळी तो कुठे आहे म्हणून विचारत राहिला.

बर्फातलं सर्वांत अवघड काम विचाराल तर मी क्लॅम्पचं नाव घेणार नाही. ते धक्क्यावर उतरण्याचं. कित्येक धक्क्यांवर दोर घ्यायला माणूस नसतो. मग बोटीच्या बाजूनं एक लांब आडवा दांडा बाहेर काढतात. त्याच्या टोकाला दोर, दोराला फळीचा पाट. डेकहँडनं त्या पाटावर बसायचं, बोट अजून सरकत असतानाच हवेत बाहेर झुलायचं आणि धक्क्यावर पाय टेकवायचे. धक्क्याला बर्फाचा मुलामा असला तर पाय कुठे टेकतात ते टेकल्यावरच कळतं. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधलेल्या असतात. तरी खाली बोट आणि धक्का यांच्यामधली काळ्या पाण्याची फट दिसते, आणि ती दिसू नये म्हणून मी समोरच्या दिव्याकडे बघत उतरायचो. उतरलं की तारेचे जाड दोर ओढायचे. हातमोजा तारेला चिकटतो. झटका मारला तर मोजा तिथेच राहतो.

पण मला सांगायचं आहे ते क्लॅम्पचंच.

डिसेंबरातली ती रात्र. माल भरून झाला होता. मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, धक्क्यावर टॉर्च घेऊन ड्राफ्टचे, म्हणजे बोट किती बुडली आहे ते दाखवणारे, आकडे वाचायचा प्रयत्न करत होता आणि आकड्यांवर बर्फ होता, म्हणून मला खाली बांबूनं तो खरवडायला पाठवलं होतं. तिथून वर येऊन डाव्या बाजूचे क्लॅम्प माझ्याकडे. पहिले सहा हॅच झाले तोवर बोटं होती. सातव्याला बोटं कुठे संपतात आणि दांडा कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं. शेवटचे चार क्लॅम्प बर्फात बसलेले. वाफेचा नळ मागे राहिला होता. हवामानाचा अंदाज बरा होता. पन्नासावर क्लॅम्प आहेत, चारानं काय होतंय, असा विचार मी केला. अगदी या शब्दांत केला, मला तो आठवतो. आणि मी आठव्या हॅचकडे गेलो.

अठरावा संपवून बोटीच्या मागच्या टोकाच्या खोल्यांत शिरताना मी वळून पाहिलं. डेकवर एक डोक्यावरचा दिवा सातव्या हॅचपाशी थांबला होता. तो खाली गेला, वर आला. चार वेळा.

बोसन आत आला, कॉफीचा मग माझ्यापुढे सरकवला आणि झोपायला गेला. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही कधी तो त्याबद्दल बोलला नाही. पहाटे व्हाइटफिश पॉइंट या भूशिराच्या अलीकडे वारा अंदाजापेक्षा बराच वाढला आणि डेकवर जायला बंदी झाली. आम्ही डेकखालच्या बोगद्यातून ये-जा करत होतो, आणि डोक्यावर पाणी आपटल्याचे आवाज ऐकत होतो.

ज्या पाण्यातून आम्ही जात होतो त्याच पाण्यात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ बुडून पडलेली आहे. १० नोव्हेंबर १९७५. ७२९ फूट लांबीची बोट, पोटात सव्वीस हजार टनांहून अधिक टॅकोनाइट. दुपारी कप्तान मॅकसॉर्ली यांनी मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ला कळवलं की कठडा पडलाय, हवेची दोन तोंडं गेलीत आणि बोट कलली आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला अँडरसननं पुन्हा चौकशी केली तेव्हा उत्तर आलं, आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर काही नाही. व्हाइटफिश पॉइंटच्या आडोशापासून साधारण १७ मैलांवर २९ माणसांसह ती गेली. एकाचंही शव मिळालं नाही. ‘अँडरसन’ला मी स्वतः माल वाहताना पाहिलं आहे, १९५२ ची बोट. ती बाजूनं गेली की आमच्या बोटीवर गप्पा थांबायच्या.

फिट्झजेराल्डला २१ हॅच होते, आणि प्रत्येकाला ६८ क्लॅम्प. म्हणजे १,४२८. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळानं १९७७ मध्ये अहवाल दिला की हॅच नीट बंद नसल्यानं पाणी आत जात राहिलं असावं. त्यांचा एक आधार असा : पाण्याखाली केलेल्या चित्रीकरणात बहुतेक क्लॅम्प धड दिसत होते. लावलेले असते तर झाकणांबरोबर तेही वाकले-तुटले असते. थोडे मोडलेले दिसतात, तेवढेच लावलेले असावेत. सरोवरातल्या बोटमालकांच्या संघटनेनं हे मानलं नाही. त्यांच्या मते कॅरिबू बेटाजवळच्या उथळ जागी बोटीचा तळ घासला. १९७८ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं म्हटलं की लाटांच्या भारानं झाकणंच कोसळली. त्यांच्यातल्याही एका सदस्यानं वेगळं मत नोंदवून उथळ जागेकडे बोट दाखवलं. आजही सरोवराकाठी कुठल्याही खानावळीत यावरून वाद घालता येतो.

मला या वादातलं एक वाक्य सहन होत नाही. ‘क्लॅम्प लावले नव्हते.’ म्हणजे कुणी लावले नव्हते? डेकहँडनी. अहवालात त्यांची नावं नाहीत तरी ते वाक्य त्यांच्याच हातांबद्दल आहे. त्याच बोटीला त्याआधीच्या काही वर्षांत अधिक माल घ्यायची परवानगी टप्प्याटप्प्यानं मिळाली होती आणि ती पाण्यात तीन फुटांहून अधिक खोल जाऊ लागली होती. तीन फूट पाणी डेकच्या जवळ आणलं ते कुठल्या खलाशानं नाही. कोकणात रामदास बोटीची गोष्ट अजून सांगतात. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अण्णा ती सांगायचे तेव्हा त्यात कोण कोण होतं, कुणाच्या घरी कोण परत आलं नाही, एवढंच असायचं. चूक कुणाची हे मी विचारलं की ते म्हणायचे, “जे गेले त्यांना विचार.” लहानपणी मला ते उत्तर टाळाटाळ वाटायचं.

आणि तरीही मी सातव्या हॅचचे चार क्लॅम्प सोडले होते. त्या चौकशीतही लोकांनी साक्षी दिल्या होत्या की हवा बरी असली तर काही क्लॅम्प मागे ठेवून निघण्याची पद्धत होती. मी त्या लोकांना ओळखतो. मीच तो आहे. म्हणून २९ माणसांची बाजू घेताना माझा आवाज पूर्ण निघत नाही, आणि त्यांच्यावर ठपका ठेवणारा कुणी भेटला तर मला गप्पही बसवत नाही.

त्या हिवाळ्यात सरोवरं भयंकर गोठली. मार्च २०१४ मध्ये पाचही सरोवरांचा मिळून ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग बर्फाखाली गेला. आमचा हंगाम त्याआधीच संपला होता. जानेवारीत शेवटच्या खेपेचा माल उतरवताना कोठाराच्या तळाची झापडं गोठलेली निघाली. आमची बोट आपला माल आपणच उतरवते. तळाची झापडं उघडली की खनिज खाली फिरत्या पट्ट्यावर पडतं, पट्टा ते वर नेतो आणि डेकवरच्या लांब बाहूतून किनाऱ्यावर ढीग पडतो. सगळं सुरळीत असेल तर काही तासांचं काम. त्या दिवशी पट्टा गोठू नये म्हणून रिकामाच फिरवत ठेवला होता आणि बोगद्यात आम्ही घणानं झापडं ठोकत होतो. एक ढेकूळ सुटलं की कान बधिर करणारा धडधडाट, मग पुन्हा शांतता. एका झापडासाठी दीड तास.

मग बोट हिवाळ्यासाठी बांधून ठेवली. टाक्यांमधलं पाणी काढलं, पाइप रिकामे केले. स्वयंपाक्यानं चूल बंद केली. मेटनं बोसनला आणि मला एक वही दिली : सगळे क्लॅम्प तपासा, वसंतात काय काय बदलायचं त्याची यादी करा.

दोन दिवस आम्ही अठरा हॅचभोवती फिरलो. बोसन दांडा टाकायचा, मी झाकणाच्या कडेचं रबर बघायचो, वहीत लिहायचो. सातव्या हॅचच्या डाव्या बाजूला आलो. तो काही न बोलता बाजूला झाला आणि दांडा माझ्याकडे दिला.

पहिला, खट्ट. दुसरा, खट्ट. तिसरा, खट्ट. चौथ्याचा आवाज बद्द आला. पुन्हा टाकला, पुन्हा तसाच. बोल्ट काढून पाहिला तर त्याचे आटे झिजून सपाट झाले होते. वरून बघितलं तर क्लॅम्प अगदी धड. बंद केला तर बंद दिसायचा. धरत मात्र काही नव्हता, आणि किती दिवसांपासून धरत नव्हता कोण जाणे. त्या रात्री मी तो लावला असता तरी तो नसल्यासारखाच होता. बाकीचे तीन चांगले होते. ते मात्र मी सोडले होते.

बोसननं बोल्ट हातात घेऊन दिव्याखाली फिरवला. मग खिशात टाकला.

“किती झाले?” त्यानं विचारलं.

“या हॅचवर एक.”

“लिही.”

मी लिहिलं : हॅच ७, डावी बाजू, मागून पहिला, बोल्ट बदलणे. शाई गोठली होती, पेन तोंडाजवळ धरून श्वासानं गरम करावं लागलं. तोवर तो आठव्या हॅचपाशी जाऊन बर्फ ठोकायला लागला होता.